उरलेले सात टक्के

राजूरच्या माणसाला बोलायला शिकवावं लागतं, हा शोध वरच्या कार्यालयाला लागला आणि तसं पत्र आमच्या साहेबांच्या टेबलावर आलं. एरवी अकोले तालुक्यातल्या या बाजारगावात न बोलणारा माणूस शोधून सापडायचा नाही. काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही, आणि ती भरेपर्यंत भाच्याचं लग्न, भावकीतला बांध आणि भाताचा भाव हे तिन्ही विषय निकालात निघालेले असतात. मात्र याच माणसाच्या हातात माईक द्या. तो एकदम शुद्ध बोलू लागतो, आणि शुद्ध बोलण्याच्या नादात काय बोलायचं तेच विसरतो.

आमच्या कार्यालयात भाषण म्हणजे मुख्यतः नावांची यादी. एखाद्याचं नाव राहिलं तर त्याचा रुसवा पुढच्या गणपतीपर्यंत पुरतो. म्हणून वक्ता 'विचारपीठावर उपस्थित' पासून जो निघतो तो शेवटच्या खुर्चीपर्यंत सगळ्यांना हाताशी धरत जातो, आणि नावं संपली की 'वेळेअभावी' आपले दोन शब्द आवरतो. ते दोन शब्द कोणते, हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

तर 'संवाद कौशल्य व प्रभावी वक्तृत्व' अशी कार्यशाळा ठरली, तीही ऐन पावसाळ्यात. प्रशिक्षक पुण्याचे. तरुण, तरतरीत, टायवाले, कानाला माईक अडकवलेले. पहिला धडा लिफ्टचा. साहेब लिफ्टमध्ये भेटले, वर पोचेपर्यंत अर्धा मिनिट आहे, तेवढ्यात आपलं म्हणणं कसं मांडाल? सगळे गप्प. आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. आहे तो जिना, आणि तो चढताना साहेबांना इतकी धाप लागते की त्या वेळी फाईलचा विषय काढणं माणुसकीला धरून नाही.

दुसरा धडा टोस्टमास्टर्सचा. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथं, वायएमसीएच्या तळघरात, लोकांना भाषण शिकवायला हा क्लब काढला. इकडे तेव्हा भंडारदऱ्याचं धरण पुरं व्हायला दोन वर्षं बाकी होती. तिकडे तोंडं मोकळी होत होती, इकडे प्रवरा अडवली जात होती. त्या क्लबांत एक जण वक्त्याचे 'अं… अं…' मोजत बसतो. आमच्याकडे हे काम लेखा शाखेकडे गेलं. समोर आमचे आस्थापनावाले भाऊसाहेब बोलायला उभे. त्यांचं प्रत्येक वाक्य 'ते काय झालं ना' नं सुरू होतं आणि 'असं ते झालं' नं संपतं. मधे जे होतं ते सारं 'अं' च. लेखा शाखेनं थोड्याच वेळात पेन खाली ठेवलं आणि 'तरतूद संपली' असा शेरा मारला.

मग पडद्यावर तो जगप्रसिद्ध आकडा आला. संवादात देहबोली ५५ टक्के, आवाज ३८ टक्के आणि शब्द फक्त ७ टक्के! हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांमधला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की भावनांविषयी बोलताना शब्द एक आणि चेहरा दुसरंच सांगत असेल, तर ऐकणारा चेहऱ्यावर विश्वास ठेवतो. घरात 'मला काही झालेलं नाही' हे वाक्य ऐकलेल्या कुणालाही हा शोध नवा नाही. आकडा सरसकट सगळ्या बोलण्याला लावू नका, असं खुद्द मेहराबियन यांनीही बजावलं आहे. पण प्रशिक्षकांच्या पडद्यावर ही पुरवणी नव्हती.

आकडा पडद्यावर असतानाच वीज गेली. पावसात राजूरची वीज जाणं ही बातमी नव्हे. सभागृहात मिट्ट काळोख झाला आणि ५५ टक्के जागच्या जागी खलास. तेवढ्यात सर अशी कोसळली की पत्र्याच्या ताशापुढं प्रशिक्षकांचे चढउतार ऐकू येईनात. ३८ टक्केही वाहून गेले. उरले ७.

ते सात टक्के आमच्या शिपाई मावशींनी वापरले. बॅटरी घेऊन त्या आल्या आणि प्रत्येक रांगेशी वाकून तेच तेच सांगत गेल्या, "उठू नका. भिंतीकडच्यांनी पाय वर घ्या, पाणी आत आलंय. चहा जागेवर देते." सगळ्यांनी निमूटपणे ऐकलं. भिंतीकडच्या उपअभियंत्यांनी तर खुर्चीवर मांडीच घातली. मान्यवरांची नावं नाहीत, 'अं' नाही, वेळेअभावी काही राहिलं नाही. प्रशिक्षक मनानं मोठे. त्यांनी कपबशी हातात घेत विचारलं, "मावशी, हे कुठं शिकलात?" मावशी म्हणाल्या, "इथं पाऊस असतो ना, साहेब."

देहबोलीच शिकायची तर हिवाळ्यात राजूरला डांगी जनावरांचं मोठं प्रदर्शन भरतं, तेव्हा यावं. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे, भर पावसात चिखल तुडवणारे हे बैल बघावेतच, पण खरी विद्या जनावरांच्या बाजारातल्या हेड्यांपाशी. उपरण्याखाली दोन हात जातात. बोटं धरली जातात, सोडली जातात, पुन्हा धरली जातात. वर एक जण आभाळाकडं बघतोय, दुसरा बैलाच्या शेपटीकडं. नजरेला नजर नाही, शब्द नाही, चेहऱ्यावर सुरकुती हलत नाही, आणि हजारोंचा सौदा पुरा. हेडी टक्केवारी शिकलेला नसतो. समोरच्याला किती परवडतं आणि आपल्याला किती हवेत, एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं.

आणि शब्द ऐकायचे असतील तर याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे ऐकावेत. शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. गावरान वाणांचं बियाणं जपलं, त्याची बँक उभी केली. २०१८ साली बीबीसीनं जगातल्या १०० स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं, पुढं २०२० ची पद्मश्री मिळाली. केवढ्याही सभागृहात त्या आपल्याच बोलीत बोलतात आणि शास्त्रज्ञ कान देऊन ऐकतात. कारण वालाचं बी हातात धरून बोलणाऱ्या बाईला मुद्दा शोधावा लागत नाही.

माझं मत विचाराल तर कार्यशाळा जरूर घ्याव्यात. भीती मोडते, चहाही मिळतो. पण सांगण्यासारखं काही नसेल, तर ९३ टक्के कौशल्यानं नुसतं ७ टक्के रिकामेपण झाकता येतं. माईक हातात आला की आधी मुद्दा सांगावा, नावं मागाहून घ्यावीत. तेवढ्यानं भागत नसेल तर राजूरला या आणि इथल्या प्रसिद्ध पेढ्यांचा भाव कमी करून मागा. दुकानदार काय बोलतो आणि किती थोडक्यात बोलतो, ते नीट ऐका. या प्रशिक्षणाला फी नाही, पण पेढे मात्र पूर्ण भावानंच मिळतील.