एकास सदतीस

मालगाडीला वेळापत्रक नसतं आणि मालगाडीचे फोटो काढणाऱ्याला इज्जत नसते. पक्ष्यांचे फोटो काढणारा पहाटे चारला उठून भिगवणला गेला, तर सोसायटीत त्याचं कौतुक होतं आणि डिसेंबरात त्याच्या रोहित पक्ष्यांचं कॅलेंडर निघतं. गडांचे फोटो काढणाऱ्याला लोक न विचारताच ‘दुर्गप्रेमी’ म्हणून मोकळे होतात. मीही पहाटेच उठतो, कसारा लोकल पकडतो आणि संध्याकाळी सिमेंटच्या वॅगनी घेऊन घरी येतो. त्या बघून माझ्या सासूबाई अतिशय मायेनं म्हणाल्या होत्या, “जावईबापू, माणसं बसलेली गाडी नाही का हो मिळाली?” मेहुण्याचा दृष्टिकोन जास्त व्यवहारी आहे. “भावोजी, एकदा एक काढलात की झालं. पुढे कॉम्प्युटरवर नंबर तेवढा बदलत जा.”

सपाट मुलखापुरतं मेहुण्याचं म्हणणं मी मान्यही करीन. पण सगळा खेळ घाटात आहे. मुंबईहून नाशिककडे जायला कसारा ते इगतपुरी हा थळ घाट आणि पुण्याकडे जायला कर्जत ते लोणावळा हा बोरघाट. दोन्हीकडे चढ एकास सदतीस. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आकडा अगदीच किरकोळ वाटतो. आपल्या बिल्डिंगचा जिना याहून कितीतरी उभा असतो. पण आपल्या पायांना जिन्यावर जी पकड मिळते, ती पोलादी रुळावरच्या पोलादी चाकाला मिळत नाही. त्यातून मागे अख्खा भरलेला रेक. नुसता पुढून ओढायचा म्हटलं तर मधलं कपलिंग तुटायची भीती. म्हणून कसाऱ्याला आणि कर्जतला गाडीच्या शेपटाला जादा इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागचे बँकर ढकलतात आणि गाडी डोंगर चढते.

या बँकरच्या चालकाइतका निरिच्छ माणूस मी पाहिलेला नाही. दोन्ही बाजूंनी सह्याद्री मागे सरकतोय, पावसाळा असेल तर कड्याकड्यावरून पाणी कोसळतंय, आणि याच्या काचेसमोर हाताच्या अंतरावर ब्रेकव्हॅनचा गंजका पत्रा. त्या पत्र्याकडे बघत तो घाट चढतो. इगतपुरीला पोचलं की सुटायचं, खाली कसाऱ्याला यायचं आणि पुढच्या गाडीच्या पाठीला लागायचं. गाडी कोणाची, माल कसला, चालली कुठे, याच्याशी संबंध नाही. आणि पोचल्याचं श्रेय पुढच्या इंजिनाला. हे मी घरी भारावून सांगितलं, तेव्हा बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, “कळलं. आणि त्या पुढच्या इंजिनाचं नाव तुमचं.”

बायकांचा आणि घाटातल्या रेल्वेचा संबंध तसा जुना आहे. बोरघाटाचं काम चालू असताना सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार १८५९ मध्ये इथं आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या पत्नीनं, ॲलिस ट्रेडवेलनं, ते कंत्राट पुढे चालवलं आणि १८६३ साली बोरघाट सुरू झाला. थळ घाटाला १८६५ उजाडलं. सुरुवातीला बोरघाटात खंडाळ्याजवळ गाडीला चक्क दिशा उलटी करून पुढचा चढ चढावा लागायचा. ती कसरत १९२९ मध्ये संपली. ॲलिसबाईंची गोष्ट मी घरी एका रविवारी, भल्या पहाटे बॅग भरताना, प्रेरणादायी म्हणून ऐकवली. त्यावर अंधारातूनच उत्तर आलं, “अहो, तिला पैसे मिळत होते.”

आमच्या जमातीत जातिभेदही कडक आहे. भारतीय रेल्वेच्या इंजिनांची नावं अक्षरांत असतात. डब्ल्यूएजी म्हणजे ब्रॉडगेजचं, एसी विजेवरचं, मालगाडीचं इंजिन. त्यातलं डब्ल्यूएजी-सात पाच हजार अश्वशक्तीचं, नऊ सहा हजारांच्या वरचं आणि बारा म्हणजे बारा हजारांचं. हे बारा नंबर बिहारमधल्या मधेपुऱ्याला बनतं आणि २०२० पासून धावतंय. एकाला एक जोडलेली दोन धुडं मिळून एक इंजिन. ‘नऊ’ हल्ली ऊठसूट दिसतं, त्यामुळे ते आलं की जाणकार मान फिरवतात. ‘बारा’ आलं की दोन हाका जास्त मारतात. आणि ‘सात’ बँकरला दिसलं की हळवे होतात.

त्यातही एखादे निवृत्त गृहस्थ असतातच. ते सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि मग विचारतात, “खेकडा बघितलाय का तुम्ही?” खेकडा म्हणजे १९२०च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंड आणि इंग्लंडहून आलेलं विजेचं मालगाडीचं इंजिन. दोन्ही टोकांना लांब नाकाडं, वळणावर मधेच वाकणारं, कण्हल्यासारखा आवाज करणारं. घाटातल्या माणसांनीच त्याचं ते नाव पाडलं. खेकडा मी पाहिला नाही, कारण मी उशिरा जन्मलो, आणि हा माझा गुन्हा ते गृहस्थ कधीच माफ करत नाहीत. पण वाफेची इंजिनं पाहिलेल्या पिढीनं खेकड्यालाही नाकं मुरडली असणार, याची मला खातरी आहे. आपल्या तरुणपणी धावलं ते शेवटचं खरं इंजिन, हा नियम सगळ्या पिढ्यांना लागू आहे. उद्या आमच्यातलंच कोणीतरी काठी टेकत एखाद्या पोराला विचारणार आहे, “सात बघितलंस का, सात?”

आता मुख्य काम, म्हणजे वाट बघणं. प्रवासी गाडी कुठवर आली हे मोबाइल सांगतो. मालगाडीचं तुम्हा-आम्हाला कोणी काही सांगत नाही. मग फाटकावरच्या गेटमनला विचारायचं.

“मालगाडी आहे का हो मागे?”

“आहे ना.”

“कधी येईल?”

“येईल.”

“तरी?”

“आली की कळंल.”

हे उत्तर मी पुष्कळ ठिकाणी तपासून पाहिलं आहे. ते कधीच चुकत नाही.

इगतपुरीला लोक दहा दिवस मौन धरून विपश्यनेला बसतात. त्याच इगतपुरीच्या खाली, एका उतारावर, मीही गप्प बसलेला असतो. त्यांची तृष्णा हळूहळू नाहीशी होत जाते. माझी वाढत जाते. आधी वाटतं, बारा नंबर यावं. तासाभरानं वाटतं, नऊ आलं तरी चालेल. दुपारी वाटतं, नुसतं सुटं इंजिन आलं तरी हरकत नाही. शेवटी सिग्नल बदलतो. दरीतून ब्लोअरचा आवाज यायला लागतो, कॅमेरा डोळ्याला लागतो, बोगद्यातून पिवळा दिवा दिसतो; आणि नेमक्या त्याच क्षणी अलीकडच्या रुळावरून शिर्डीची वंदे भारत सुसाट येते आणि सगळं झाकून टाकते. घाटात तीन रूळ आहेत आणि तिन्हींचं माझ्याविरुद्ध संगनमत आहे. ही वंदे भारत २०२३ पासून घाट बँकरशिवाय चढते म्हणून तिचं केवढं कौतुक झालं. मला विचाराल तर जिला मागून ढकलायला कोणी लागत नाही, तिच्याबद्दल आपुलकी वाटणं जरा कठीणच.

चढाचे फोटो सगळेच काढतात. खरी गंमत उताराला आहे. बोरघाटात खाली येणाऱ्या मालगाडीला ठरलेल्या जागी थांबून दाखवावं लागतं. तिथं काटे आधी कॅच सायडिंगकडे लावलेले असतात. हा आडवाटेला काढलेला, गाडी आवरणारा रूळ. गाडी ताब्यात आहे हे सिद्ध झालं की मगच मुख्य मार्ग मिळतो. (आमच्या सोसायटीच्या उतारावरून येणाऱ्या दुचाकीवाल्यांना ही पद्धत लावायचा ठराव मी मांडला होता. त्याला अनुमोदक मिळाला नाही.) अशी गाडी शेजारून सरकते तेव्हा तापलेल्या लोखंडाचा वास येतो, ब्रेकचे ठोकळे चाकांवर घासून कचकचत असतात, वॅगनींमागून वॅगनी जात राहतात, आणि अगदी शेवटी ब्रेकव्हॅनच्या ओट्यावर खांद्यावर टॉवेल टाकून उभा असलेला गार्ड दिसतो. २०२२ मध्ये रेल्वेनं त्याला ट्रेन मॅनेजर केलं. पदनाम बदललं, ब्रेकव्हॅनचा पत्रा तोच आहे.

या छंदातला सगळ्यात मोठा धोका मात्र गाडी चुकण्याचा नाही. कसाऱ्याच्या पुढे एका टेकाडावर ट्रायपॉड लावून बसलो होतो. पाठीमागून आवाज आला, “सायेब, रेल्वेचं का तुमी?”

वळून बघितलं तर टोपीवाले एक आजोबा, त्यांच्यामागे दोन बाया आणि काही पोरं.

“नाही आजोबा, फोटो काढतोय.”

“कशाचा?”

“मालगाडीचा.”

आजोबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मंडळींकडे वळून म्हणाले, “सांगत न्हाईत.”

त्यांचं तरी काय चुकलं? समृद्धी महामार्ग याच डोंगरातून गेला. घाटाला कमी चढाचा नवा रेल्वेमार्ग काढायची योजनाही अधूनमधून पेपरात येत असते. तिकाटणं लावून रुळांकडे टक लावून बसलेला शहरी माणूस म्हणजे सर्व्हे, आणि सर्व्हे म्हणजे वावर जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मालगाडी बघायला कोणी ठाण्याहून येतं, ही थाप पचण्यासारखी नव्हतीच.

मी समजवायला गेलो तसा संशय पक्का होत गेला. एका बाईनं घरून चहा आणला. आजोबांनी जवळ बसून हलक्या आवाजात माहिती द्यायला सुरुवात केली. “आंबं तीन. तिन्ही धरत्यात. फणस येक, पन मोठाय. हीर हाये. हिरीला कायम पानी.” मी मान डोलावत होतो. “लिवून घ्या की,” ते म्हणाले. तेवढ्यात खालून गाडी आली. कंटेनरची होती, पुढे ‘बारा’, ऊन पाठीवर, मधे कोणी आडवं नाही. मी कॅमेरा डोळ्याला लावला. आजोबा लगबगीनं उठले, पुढे गेले, आंब्याच्या बुंध्यावर हात ठेवून कॅमेऱ्यासमोर ताठ उभे राहिले आणि खटका वाजल्यावर समाधानानं म्हणाले, “लागलं बगा कागदाला.”

तो फोटो माझ्याकडे आहे. समोर आंबा, आंब्याला हात लावून आजोबा आणि त्यांच्या कानामागे बारा हजार अश्वशक्ती. माझ्या सगळ्या फोटोंत सासूबाईंना आवडलेला तो एकच. त्यात माणूस आहे.

कोकण रेल्वेवर असे प्रश्न येत नाहीत, कारण तिथली गाडीच फोटोपेक्षा जास्त अचाट असते. १९९९ पासून तिथं रो-रो चालते: कोलाडला भरलेले ट्रक जसेच्या तसे सपाट वॅगनींवर चढवायचे आणि गोव्यात वेर्ण्याला उतरवायचे. ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्येच बसलेले. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरच्या चौसष्ट मीटर उंच पुलावरून ही वरात जाताना पाहिली, की स्टिअरिंग हातात असून कुठेही वळायचं नाही, हे सुख त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. २०२२ मध्ये त्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. देशाचं डिझेल वाचलं आणि आमच्या प्रत्येक फोटोत एक खांब आला.

एक मात्र गंभीरपणे सांगतो. रुळावर उतरून फोटो काढणारे आमच्यातले नव्हेत. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली विनापरवाना रुळांवर शिरण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. शिवाय गाडी कायदा वाचत नाही. जुलै २०२३ मध्ये रुळांवरून दूधसागर धबधबा बघायला निघालेल्या शेकडो हौशी मंडळींना अडवून तिथं उठाबशा काढायला लावल्या होत्या. धबधब्यापेक्षा तेच दृश्य देशभर जास्त पाहिलं गेलं.

लोक विचारतात, यात एवढं आहे काय? लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरी असतात, रुसलेल्या आत्या असतात, लाळ गाळणारी पोरं असतात. ज्याच्या हातचं पाचशे माणसं जेवली तो आचारी एकाही फोटोत नसतो. रेल्वेच्या घरात मालगाडीची तीच गत आहे. कमाईचा साधारण दोन तृतीयांश वाटा तिचा. पण एक्स्प्रेस आली की लूपलाइनवर सरकून उभं तिनं राहायचं. २०२० च्या मार्चमध्ये देशातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. ही थांबली नाही. आपण घरात कोंडून पोळ्या लाटत होतो, त्यातला बराचसा गहू तिनं आणलेला होता. तिचा एखादा नीट फोटो कोणीतरी काढून ठेवावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला तुमच्या गाडीला वाट देऊन बाजूला उभी असलेली मालगाडी दिसली, तर ‘हिच्यामुळेच उशीर झाला’ असं म्हणू नका. बहुतेकदा उशीर तिला तुमच्यामुळे झालेला असतो. तिच्या इंजिनाचा नंबर वाचा. ब्रेकव्हॅनच्या ओट्यावर कोणी उभा असेल तर खिडकीतून हात करा, तोही करतो. तुम्ही एवढं केलंत तरी पुरे आहे. फोटो काढायला मी आहे.