झोपा आणि कलावंत जगवा!

मिशिगनच्या व्हल्फपेक बँडने २०१४ साली ‘स्लीपिफाय’ नावाचा अल्बम काढला. त्यात १० ट्रॅक, प्रत्येक जेमतेम अर्ध्या मिनिटाचा आणि सगळेच्या सगळे ठार शांत. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक वेळ ऐकल्याची नोंद होते, हे मंडळींनी बरोबर हेरलं होतं. चाहत्यांना विनंती एवढीच, की रात्री अल्बम चालू ठेवा आणि खुशाल घोरा! भक्तांनी हे व्रत निष्ठेने पाळलं. सुमारे २० हजार डॉलर जमले, त्यातून बँडने फुकट कार्यक्रमांचा दौरा केला. स्पॉटिफायने मात्र काही आठवड्यांतच अल्बम उतरवला. साहजिकच आहे, एक सूरही न लावता संगीतावर कमवायचं, हा मक्ता कंपन्यांचा!

२०२४पासून तर वर्षभरात १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला तिथे रॉयल्टीचा छदामही मिळत नाही. मग नवख्या गायकाने करायचं काय? मैफिलीच्या दाराशी टेबल मांडून टी-शर्ट विकायचे. गाणं फुकटात ऐकणारा चाहता तिथे मात्र घासाघीस न करता पाकीट उघडतो. थोडक्यात, धंदा कापडाचा. गाणं ही त्याची जाहिरात. रियाज चुकला तरी चालेल, एक्सएल साइज संपता कामा नये.