सोनं अंडी घालत नाही

जयपूरच्या सोडाला भागात आमचे दाजी राहतात. गाव विट्याजवळचं, धंदा गलाईचा. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, त्यांतलेच हे एक. दिवसा जोहरी बाजारात दुसऱ्याचं सोनं तापवायचं, संध्याकाळी स्कूटरवरून घरी यायचं. २०२२ मध्ये आंबेडकर सर्कलपासून सोडाल्यापर्यंत उन्नत रस्ता झाला आणि दाजी लवकर घरी पोचू लागले. घरात कुणाला त्याची फारशी गरज नव्हती. मग त्यांनी पोपट पाळले.

सरकारनं रस्ते बांधण्याआधी अशा परिणामांचाही अभ्यास करायला हवा.

पूर्वी पोपट म्हणजे वाड्याच्या दारात टांगलेला हिरवा राघू. एक मिरची, एक पेरूची फोड आणि ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणायची सक्ती. त्याची किंमत बोलण्यावर ठरायची. आज बोलका पोपट ही जोखीम झाली आहे. २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका म्हातारीला शिव्या देतो म्हणून पोपटाला पोलीस ठाण्यात हजर केलं, तर तो तिथं मिटून बसला. कायद्याचा चांगला सल्ला मिळाला असावा. शेवटी त्याला वनखात्याच्या हवाली केलं. २०२२ मध्ये पुण्यात खडकी पोलिसांकडे शेजाऱ्याच्या पोपटाच्या शिट्ट्यांविरुद्ध तक्रार गेली. पुण्यात शेजारी बोलला तरी तक्रार होते, पोपटाला कोण सोडणार?

दाजींच्या गच्चीवर तर कुणी बोलतच नाही, सगळे ओरडतात. पण त्याचं कुणाला काही नाही, कारण हल्ली भाव रंगाला आहे. पोपट जितका पोपटासारखा कमी दिसेल तितका महाग. निळा, पिवळा, पांढरा, राखाडी काहीही चालेल, फक्त पोपटी नको. त्याला ‘म्युटेशन’ म्हणायचं. आमच्या घराण्यात कुणाला असा जन्मजात फरक निघाला की स्थळं परत जायची. पोपटांत निघाला की गिऱ्हाइकं रांग लावतात. रंग अंगावर दिसत नसेल आणि नुसता रक्तात असेल तर तो पक्षी ‘स्प्लिट’. त्यालाही जादा पैसे. म्हणजे नातवंडं निळी होण्याची शक्यता आहे, एवढ्या भांडवलावर आजोबा विकले जातात.

या धंद्याची बोली शिकायला मला दोन जेवणं लागली. बजरीगरला सगळे ‘लव्ह बर्ड’ म्हणतात, म्हणून खऱ्या लव्ह बर्डला ‘आफ्रिकन लव्ह बर्ड’ म्हणावं लागतं. कॉकटीलचं ‘कॉकटेल’ कधीच झालं. पिल्लाला ढोलीतून काढून सिरिंजनं भरवलं की तो ‘हँडफीड’. तो माणसाला आई समजतो, म्हणून त्याचा भाव जास्त. नर-मादी दिसण्यात सारखे असतील तर पीस तपासायला पाठवतात आणि ‘डीएनए’ येतो. ताईच्या लग्नात पत्रिकासुद्धा नीट पाहिली नव्हती, असं ती अधूनमधून ऐकवते.

दाजींचा पहिला मोठा सौदा सन कॉनूरचा. हा दक्षिण अमेरिकेतला, गयाना आणि उत्तर ब्राझीलकडचा पक्षी. अंगावर हळद आणि शेंदूर एकदम उपडा केल्यासारखा, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरचा भाडेकरू भाडं वेळेवर द्यायला लागला, वर येऊन बोलणं नको म्हणून. गंमत म्हणजे पकडून पकडून त्याच्या मूळ रानात तो धोक्यात आलेला आहे आणि आपल्याकडे गच्चीगच्चीवर ढिगानं आहे. दाजींनी घेतला तेव्हा त्याचा भाव ऐकून ताईनं बांगड्या दुसऱ्या कपाटात ठेवल्या.

दाजींचा हिशेब साधा होता. एक जोडी, तीन-चार अंडी, वर्षात दोनदा तरी. पिल्लं मोठी, त्यांच्या जोड्या, त्यांची अंडी. कागदावर तिसऱ्या वर्षी सोडाल्यात तीन मजली घर उभं राहिलं. मी विचारलं, “दाजी, घेणार कोण?” ते म्हणाले, “पाव्हणं, शौकाला गिऱ्हाईक तुटत न्हाई.”

शौक हा शब्द या मंडळींच्या तोंडी फार. “आपण धंदा करत न्हाई, शौक हाय,” असं म्हणायचं आणि पुढच्या वाक्यात भाव सांगायचा.

घोटाळा एवढाच, की हाच हिशेब जयपुरात, पुण्यात, मालेगावात, कोलकात्यात प्रत्येक शौकिनानं आपापल्या वहीत केला होता. आज जोडी घेणारा वर्षभरात पिल्लं विकणारा होतो. या बाजारात गिऱ्हाईक म्हणून कुणी राहतच नाही, सगळे दुकानदार. सोन्याचं तसं नाही. कितीही सोनं तिजोरीत अंधारात जोडीनं ठेवा, सकाळी तेवढंच निघतं. म्हणून २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोनं लाखापार गेलं, आणि दाजींचे कॉनूर त्याच काळात भाजीच्या दिशेनं निघाले.

हे काही नवं नाही. जॉन गूल्डनं १८४० मध्ये ऑस्ट्रेलियातून जिवंत बजरीगर इंग्लंडात नेले, तेव्हा ती श्रीमंतांची चीज होती. १९२०च्या दशकात जपानला निळ्या बजरीगरचं वेड लागलं आणि जोडीला शंभर पौंडांच्या वर भाव गेला. मग तो फुगा फुटला. आज तेच निळे बजरीगर बाजारात मटक्यासकट काहीशे रुपयांना मिळतात. पण जपान लांब राहिलं. दाजींच्या स्वतःच्या सांगली जिल्ह्यानं काय कमी पाहिलं? राज्यात इमू आला, तेव्हा अंड्याला, मांसाला, तेलाला, पिसाला भाव आहे असं सांगत होते. सगळ्याला भाव होता, फक्त घेणारा नव्हता. मग काळी कोंबडी आली. २०१९ चं इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांच्या फसवणुकीचं प्रकरण तर घराघरात पोचलं. मी दाजींना त्याची आठवण दिली. ते दुखावले. म्हणाले, “कोंबडी आणि कॉनूर एक का? कोंबडी खात्यात.” खरं आहे. भाव पडल्यावर कोंबडीचा निदान रस्सा होतो.

आता कायद्याचं. गच्चीलगतच्या कडुनिंबावर रोज संध्याकाळी आपल्या साध्या हिरव्या, लाल चोचीच्या पोपटांचा थवा येतो आणि पिंजऱ्याबाहेर सांडलेली सूर्यफुलाची बी फुकट खाऊन जातो. ते पाळायला बंदी आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, १९९१ पासून रानातल्या देशी पक्ष्यांचा व्यापारही बंद. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा पोपट दुसऱ्या परिशिष्टात बसला. लंडन-ब्रसेल्सच्या बागांत याच जातीचे थवे मोकाट हिंडतात, तिथल्या लोकांना ते नकोसे झालेत. इथं मात्र तोच पोपट निळा असला की विकणारा हळूच सांगतो, “हा आपला नाही, फॉरेनचा.” कायद्यात जात लिहिली आहे, रंग नाही, हे त्याला कुणी सांगत नाही.

परदेशी पक्ष्यांची गोष्ट निराळी. २०२० मध्ये केंद्रानं सांगितलं, विदेशी प्राणी असतील ते आपणहून कळवा. २०२४ मध्ये नियम आले आणि परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागली. दाजींनी अख्खी रात्र जागून फॉर्म भरले. त्यांचं स्वतःचं रेशनकार्ड अजून विट्याच्या पत्त्यावर आहे, पण कॉनूर सोडाल्याचे कायदेशीर रहिवासी झाले. बजरीगर आणि कॉकटेल यांना मात्र ही कटकट नाही, ज्या आंतरराष्ट्रीय यादीवरून हे नियम चालतात, तिच्यातूनच ते वगळलेले आहेत. तेव्हापासून दाजी त्यांच्याकडे जरा तुच्छतेनं बघतात. ज्याला कागद लागत नाही त्याला काय इज्जत?

उन्हाळ्यात ताईच्या खोलीतला कूलर गच्चीवर गेला. राळा, समुद्रफेस, उकडलेलं अंडं, कोथिंबीर यांचा खर्च वाढला, पिल्लांना गिऱ्हाईक येईना. अदलाबदल सुरू झाली. माझे चार कॉनूर घे, तुझा एक ग्रे दे. राखाडी आफ्रिकन ग्रे पन्नास वर्षंही जगू शकतो, म्हणजे दाजींनी साठीच्या उंबरठ्यावर जे घेतलंय ते वारसांना फेडायचं आहे. भाच्यानं आत्ताच सांगून टाकलंय, “मला फ्लॅट चालेल.”

मी त्यांना तुमकुरूची बातमी सांगितली. २०२२ मध्ये तिथल्या एका कुटुंबाचा ग्रे उडाला. त्यांनी शहरभर पोस्टर लावली, पन्नास हजारांचं बक्षीस ठेवलं आणि पोपट सापडल्यावर पंच्याऐंशी हजार दिले. दाजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “यडी माणसं. एवढ्यात नवी जोडी आली असती, डीएनएसकट.”

“आणि तुमची चावरी कॉनूर? तिला का विकत नाही?” मी विचारलं. तिचं नाव ताईनं ‘मामी’ ठेवलंय, कारण ती दाजींखेरीज सगळ्यांना बोचकारते.

“तिला भाव न्हाई,” दाजी घाईनं म्हणाले. “बाजार वर आला की बघू.”

बाजार आता भलतीकडेच चाललाय. परवा रात्री अकराला त्यांचा फोन आला. रंगीत पिल्लं सगळ्यांनी इतकी काढली, की त्या विदेशी जातींचा मूळ रानातला साधा हिरवा पक्षी कुणाकडे शिल्लकच नाही. ज्याच्या सात पिढ्यांत निळा-पिवळा कुणी नाही, असा ‘प्युअर’ हिरवा जो दाखवेल त्याच्याकडे आता लोक धावताहेत.

“पाव्हणं, मिरज-कोल्हापूरकडं कुणाकडं असला तर बघा,” दाजी म्हणाले. “भाव इचारू नका. आधी टोकन द्या.”