पेटीतला पावसाळा

शिरूर कासारमध्ये पाऊस पडतो त्याहून जास्त बोलला जातो. बीड जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तीही वेळापत्रक पाळणारी नव्हे. अशा तालुक्यात, मे महिन्याच्या दुपारी हवा ओठ फोडत असताना, एका घराच्या ओसरीवर ८० टक्के आर्द्रता नांदत असते. घर अण्णांचं, आर्द्रता मात्र त्यांच्यासाठी नाही. ती चार फुटी पेटीत बंद आहे आणि तिचा लाभार्थी तळहातावर मावतो.

अण्णा ही एक व्यक्ती नव्हे, जमात आहे. ही माणसं आधी कबुतरं पाळतात, मग लव्हबर्ड, मग माशांची टाकी, आणि टाकी गळली की कासव. बाकीचं गाव वास्तुशास्त्राचं ऐकून पितळी कासव वाटीतल्या पाण्यात ठेवतं आणि मोकळं होतं. अण्णांना हलणारं हवं असतं.

पाहुणा पेटीजवळ आला की ठरलेलं वाक्य टाकतो, "आमच्या मामाला असलंच गावलं होतं. पाठीवर चांदण्या होत्या." अण्णांचा पारा चढतो. चांदण्यांचं ते भारतीय तारा कासव. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं. ते घरात ठेवलं तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. असं कासव दिसलं तर वनखात्याला कळवायचं. शिवाय याच तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे यांचं सर्पराज्ञी वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे, तिथे विचारायचं. "आपलं हे सल्काटा. आफ्रिकेचं," असं म्हणत अण्णा नोंदणीचा कागद काढतात. परदेशी प्रजातींच्या नोंदणीचे नियम २०२४ मध्ये आले. तेव्हापासून हा कागद सातबाऱ्याच्या पिशवीतच असतो.

"आफ्रिकेचं म्हणजे वाळवंटातलं ना? मग त्याला एवढं ओल्यात कशाला कोंडता?" पाहुण्याची ही शंका रास्त असते. अण्णा याच चेंडूची वाट बघत असतात. सल्काटा साहेलच्या कोरड्या पट्ट्यातलं खरं, पण ते दिवसभर उन्हात फिरत बसत नाही. जमिनीत खोल बीळ करतं, आणि बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा ओलसर असते. पिल्लांना तर उघड्या रखरखाटात राहणं परवडतच नाही. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २००३ मध्ये याच जातीच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोरड्या हवेत वाढलेल्यांच्या पाठीवर उंच टेंगळं आली, दमट हवेतल्यांची पाठ सपाट राहिली; खुराकातल्या प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ निघाला. लोक मात्र त्या टेंगळांना नक्षी समजतात. अण्णा म्हणतात, "देवळातलं कासव बघा की! पाठ कशी गुळगुळीत. पाथरवटाला कळत होतं."

पेटीचा इतिहास खर्चिक आहे. पहिली प्लायवूडची, ओलीने फुगली आणि एका पावसाळ्यात, म्हणजे तिच्या स्वतःच्याच पावसाळ्यात, उकलली. दुसरी वरून उघडी काचेची टाकी. वर दिवा लावला की गरम हवा ओल घेऊन वर निघून जायची. अण्णा दिवसभर फवारा मारायचे आणि आकडा पुन्हा तिशीत. शिवाय दिव्याच्या झोतात पिल्लाची पाठच आधी सुकायची. तिसऱ्या खेपेला भंगारवाल्याकडून थंड पेयांचा निकामी फ्रिज आला, आडवा पडला आणि प्रश्न सुटला. झाकण बंद, हवेला दोन बारीक भोकं, दिवा आत. उन्हातली कासवाला लागणारी अतिनील-बी किरणं काचेत बहुतेक अडतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी नळी. तळाला रोपवाटिकेतलं कोकोपीट.

इथे अण्णांचं कृषी सेवा केंद्र कामाला येतं. कोकोपीट किती भिजवायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही: मूठ दाबली तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. वाफसा, झालं. शेजारच्या रेशीमवाल्याला तर सगळा प्रकारच ओळखीचा वाटतो. त्याच्या चॉकीतल्या कोवळ्या अळ्यांना २७-२८ अंश आणि ८५-९० टक्के आर्द्रता लागते. तो पेटीत डोकावून म्हणाला, "हे तर आमच्याच भावकीतलं दिसतंय," आणि तेव्हापासून तुतीचा पाला रोज पोचतो. बांधावरची हरळी आणि फड्या निवडुंगही चालतात. चपाती चालत नाही. यावरून आजीचं आणि अण्णांचं बोलणं बंद आहे.

वहिनींचा आक्षेप पाल्याला नाही. पिल्लाला रोज कोमट पाण्यात बसवायचं असतं, आणि त्यासाठी अण्णा परात नेतात. नळाला पाणी येण्याचा भरवसा नसलेल्या दिवसांत वहिनी शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "अहो, माणसाला प्यायला टँकर, अन् तुमच्या कासवाला धुकं?" अण्णा आंघोळीचं ते पाणी जास्वंदाला घालतात आणि जास्वंदाची पानं कासवाला. हा हिशेब त्यांना बिनतोड वाटतो. वहिनींना परात परत हवी असते.

खरी परीक्षा डिसेंबरात. ओल आणि गारठा एकत्र आले की पिल्लाची छाती भरते. ओल ठेवायची तर ऊबही ठेवायलाच लागते. त्यामुळे रात्री वीज गेली की अण्णांच्या घरी इन्व्हर्टरवर पंखा नाही, टीव्ही नाही, फक्त पेटी. काटा २६ अंशांखाली सरकला की अण्णा उठतात. तिन्ही पोरांच्या तापात ते इतके जागले नव्हते, असं वहिनींचं म्हणणं; अण्णांचं म्हणणं, पोरांना रडता येत होतं.

हे सगळं पहिल्या काही वर्षांपुरतं. पूर्ण वाढलेला सल्काटा नर ५० किलोच्या आसपास किंवा वरही जातो, जगतो माणसाएवढा, आणि उकरत सुटतो. मग पेटी नव्हे, जमीन लागते. अण्णांनी शेताच्या कडेला दोन गुंठे धरून ठेवलेत. मोठ्या पोराने वाटणीत ते कासव कुणाच्या वाट्याला, असं आत्ताच विचारून टाकलं. कुंपणाच्या भिंतीसाठी गवंडीही येऊन गेला.

"पाया किती धरायचा?"

"दोन-तीन फूट तरी. खालून उकरून जातंय ते."

गवंड्याने टेप गुंडाळली. "आधी जनावर तर दाखवा."

अण्णांनी झाकण उघडून पिल्लू तळहातावर घेतलं. गवंडी बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "दर मात्र फुटावरच लागंल."