नोंद नाही, सबब आवाज नाही

१५ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी साडेदहा ते पावणेअकराच्या दरम्यान लातूरच्या विवेकानंद चौक परिसरात जमिनीखालून मोठा आवाज झाला. प्रशासनाने तत्परता दाखवून लातूर शहर, औराद शहाजानी आणि आशिव इथल्या भूकंपमापन केंद्रांकडे विचारणा केली. तिन्हीकडून एकच उत्तर आले: भूकंपाची नोंद नाही. आवाज ऐकणारे कान पुष्कळ होते, पण त्यांतला एकही शासनमान्य नसल्यामुळे प्रकरण तिथेच थांबले. त्याआधी अकरा दिवस निलंगा तालुक्यातल्या निटूर-डांगेवाडी भागात असाच आवाज झाला होता. त्याच्याही आधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, हासोरीच्या लोकांनी दिवसच्या दिवस भुईची गुडगुड ऐकली होती. वर्तमानपत्रांकडे या बातमीचा मथळा आता जुळवून ठेवलेला असतो, ‘गूढ आवाजाने नागरिक भयभीत’; गावाचे नाव आणि तारीख तेवढी बदलायची. खालचा मजकूरही ठरलेला: घाबरून जाऊ नये, अफवांवर विश्वास ठेवू नये. आवाज कशाचा होता, एवढे सोडून सगळे त्यात असते.

जमिनीवर राहिले की हे होणारच, तेव्हा हवेत जावे, असे एखाद्या लातूरकराला वाटले तर त्यालाही वाव नाही. लातूरला विमानतळ आहे, धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही, त्यामुळे तिथे अनाकलनीय आवाजांचा तूर्त धोका नाही. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबाद आणि यवतमाळ हे पाच विमानतळ ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खासगी कंपनीकडे गेले, तेव्हापासून या शांततेला दीर्घ मुदतीचा आधार मिळाला होता. नांदेडची गोष्ट वेगळी. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेच्या शुभारंभाच्याच दिवशी नांदेड–हैदराबाद सेवेला हिरवा झेंडा मिळाला. पुढे ती सेवा चालवणारी विमान कंपनीच बंद पडली, मग दुसरी आली. नांदेडकराला विमानाच्या आवाजांपेक्षा ते अचानक बंद होण्याचीच अधिक सवय आहे. बाकीच्यांनी रात्रभर बसने हैदराबाद गाठायचे आणि तिथून एअरबसमध्ये बसायचे.

आणि बसल्या बसल्या पायाखाली कुत्रे भुंकू लागते. एअरबस ए-३२० जातीच्या विमानात हा अनुभव सार्वत्रिक आहे. विमान अजून धावपट्टीकडे रांगत असते आणि सामानाच्या कप्प्यात कुणीतरी कुत्रे कोंडून ठेवल्यासारखा, किंवा लाकडावर करवत चालवल्यासारखा आवाज थांबून थांबून येतो. कारण अगदी साधे आहे. विमानात तेलाच्या दाबावर चालणाऱ्या वेगवेगळ्या यंत्रणा असतात. एक इंजिन चालू आणि दुसरे बंद असताना त्यांपैकी दोघींच्या दाबात फरक पडतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की मधले एक यंत्र एकीची ताकद दुसरीला पुरवते, दाब जुळला की थांबते, पुन्हा पडला की पुन्हा धावते. उड्डाणानंतर पोटाखाली धडाड असे जे होते ती चाके आत जाऊन त्यांची दारे मिटल्याची खूण. मग मिनिटभरात इंजिनाचा आवाज एकदम खाली जातो, पोटात खड्डा पडतो आणि प्रवासी शेजाऱ्याचा हात धरावा की नाही या विचारात पडतो. वैमानिकाने चढाईपुरती ताकद ठेवून बाकीची कमी केलेली असते, बस्स. पंखांतून येणारी लांबलचक घरघर झडपा आत-बाहेर होण्याची, आणि उतरल्यावरची गर्जना इंजिनाचा झोत पुढच्या दिशेला वळवून वेग मारण्याची. टिंग-टाँग वाजते तेव्हा बहुधा पुढच्या बाईंनी मागच्या बाईंना फोन केलेला असतो.

हे सगळे मिळून दोन मिनिटांत सांगून होते. विमानात बोलायला वेळ नसतो असेही नाही. पट्टा कसा लावायचा हे सांगतात, आणि तो लावता येत नाही असा माणूस तिथवर पोचलेलाच नसतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, दख्खनच्या कोरड्या पठारावरून उडताना, पाण्यात पडल्यावर जाकिटाची शिट्टी कशी फुंकायची हेही सांगतात. मग सँडविचचे भाव सांगतात. म्हणजे जे बहुधा कधीच घडणार नाही ते तपशिलात, आणि जे पुढच्या पाच मिनिटांत शंभर टक्के ऐकू येणार आहे त्याबद्दल अवाक्षर नाही. यात कट नाही, लबाडीही नाही. सांगणे हे कुणाचेच काम नाही, एवढेच. आपण ज्यांना गूढ आवाज म्हणतो त्यांतल्या बऱ्याच आवाजांची ही खरी कुळकथा आहे: माहिती असते, माहीतगार असतो, ऐकणाराही असतो, आणि या तिघांची गाठ घालून देणारे पद मंजूर झालेले नसते.

विमान माणसाने बांधले आहे, त्याच्या प्रत्येक पुर्ज्याचा नकाशा आहे. भुईचा नकाशा कुणाकडे आहे, असा आक्षेप इथे येईल, आणि तो रास्त आहे. पण भुईबद्दल आपण वाटतो तितके अडाणी नाही. नांदेड शहरात २००६-०७ च्या सुमारास स्फोटासारखे आवाज आणि बारीक धक्के सुरू झाले, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने त्यांचा अभ्यास केला. धक्के लहान आणि अगदी उथळ होते. उथळ असणे हीच आवाजाची किल्ली आहे. भूकंपाची पहिली लाट दाबाची असते, हवेतल्या ध्वनीसारखीच. ती जमिनीच्या पृष्ठभागाशी आली की थोडी हवेत उतरते, आणि तिची कंपने सेकंदाला वीसहून जास्त असली तर माणसाच्या कानाला ऐकू येतात. केंद्र खोल किंवा दूर असेल तर ही जलद कंपने वाटेतच जिरतात. पायाखाली असेल आणि वर टणक काळा बेसाल्ट असेल तर ती सुखरूप पोचतात. म्हणून धक्का जाणवतही नाही इतका क्षुल्लक आणि आवाज मात्र तोफेसारखा, असे घडू शकते. इतका क्षुल्लक धक्का काही किलोमीटरवरच्या यंत्राच्या नोंदीत न येणे हेही नवल नाही. ‘नोंद नाही’ आणि ‘काही झाले नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत, हे भूकंपशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळते; पत्रक काढणाऱ्याला कळत नसावे असे मानायला जागा नाही, पण दुसरे विधान छापायला आटोपशीर पडते.

पावसाळ्यानंतर हे अनेकदा का होते, यावरही शास्त्रज्ञांनी मत मांडले आहे. भेगांतून मुरणारे पाणी खडकातला दाब वाढवते आणि आधीच ताणात असलेली भेग किंचित सरकते. २०१८ च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यात डहाणूच्या परिसरात जी धक्क्यांची मालिका चालली, तिच्यासंदर्भातही हा विचार पुढे आला. प्रत्येक आवाजाला हेच उत्तर लागू पडेल असे नाही. पण हासोरीच्या पारावर बसलेल्या माणसाला हे चार वाक्यांत समजणार नाही, असे मानणे त्याच्यावर अन्याय आहे. विहिरीला पाणी कोणत्या थरात लागते हे तो भूगर्भशास्त्र न शिकता सांगतो.

खरा आक्षेप पुढचा आहे: सांगितले तर लोक घाबरतील. हा आक्षेप किल्लारीच्या जिल्ह्यात घेतला जातो, हे विशेष. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, किल्लारीच्या भूकंपाने सुमारे दहा हजार माणसे नेली. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरमध्येही, तिथे धक्के बसले होते. ज्या लोकांनी हे पाहिले त्यांना ‘घाबरू नका’ असे सांगून भीती घालवता येईल, ही कल्पना करायलाच वेगळे धाडस लागते. त्यांना हवी आहे ती माहिती, आणि ती दोन्ही बाजूंनी हवी: लहान धक्क्यांच्या बहुतेक मालिका मोठ्या भूकंपावाचून विरून जातात, मोठा भूकंप कधी येईल हे जगात कुणालाच आधी सांगता येत नाही, आणि म्हणून दगड-मातीच्या जड भिंती, माळवदाचे ओझे यांच्याकडे आजच बघावे. किल्लारीत माणसे मारली ती मुख्यतः याच भिंतींनी. आवाजाची बातमी हा घर तपासायला सांगण्याचा उत्तम मुहूर्त असतो, कारण त्या दिवशी लोक ऐकतात. तो मुहूर्त आपण अफवांपासून सावध करण्यात घालवतो. अफवा मात्र वेळेवर येते, कारणासकट येते, पुढच्या धक्क्याची वेळही सांगते. पत्रकात यातले काहीच नसते, मग लोकांनी कोणते वाचावे?

आणि कारण कळण्यात अडचण असतेच असेही नाही. २० मे २०२० रोजी दुपारी बेंगळुरूत प्रचंड आवाज झाला, तावदाने हादरली. तिथेही आधी भूकंपाचीच शंका आली आणि तिथेही भूकंपाची नोंद नव्हती. पण संध्याकाळपर्यंत संरक्षण खात्याने खुलासा केला: हवाई दलाच्या चाचणी उड्डाणातले विमान ध्वनीपेक्षा जास्त वेगाने गेले होते, छत्तीस ते चाळीस हजार फुटांवर वेग कमी करताना तो आवाज झाला असावा. विमान कशासाठी उडाले होते, किती उंचीवर होते, एवढे सांगून टाकले. संगणकाच्या शहराचा आवाज सायंकाळच्या आत ‘असावा’सह का होईना, कारणापर्यंत पोचतो, सोयाबीनच्या जिल्ह्याचा आवाज केंद्राकडे जाऊन ‘नाही’ घेऊन परत येतो. बेंगळुरूतल्या त्या ‘असावा’ने कुणी दगावल्याचे ऐकिवात नाही.

वैमानिकांच्या वतीनेही एक बचाव करता येईल. दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये अनावश्यक बोलणे वर्ज्य असते, आणि नेमके तेव्हाच सगळे आवाज होतात. हा नियम शहाणपणाचा आहे आणि तो मोडा असे कुणी म्हणत नाही. आवाजांचा खुलासा करणारी चार वाक्ये दार बंद होण्याआधी ध्वनिमुद्रित करून वाजवता येतील, नाहीतर समोरच्या खिशातल्या पत्रकावर छापता येतील. त्या पत्रकावर उंच टाचांच्या चपलांवर फुली मारलेले चित्र आहे, भुंकणाऱ्या कुत्र्यापुरती जागा त्यातही निघेल. लोक सूचना ऐकतच नाहीत, ही तक्रार उरते. पट्ट्याची सूचना ते ऐकत नाहीत, कारण ती त्यांना माहीत असते. पायाखाली भुंकले की सगळे विमान एकमुखाने कान टवकारते. इतका एकाग्र श्रोतृवर्ग मराठी साहित्य संमेलनातही मिळत नाही.

तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयांसाठी पत्रकाचा नवा मसुदा सुचवावासा वाटतो. आवाज किती वाजता, कुठे कुठे ऐकू आला. कोणत्या केंद्रांना विचारले, ती केंद्रे किती अंतरावर आहेत, आणि किती लहान धक्का त्यांना टिपता येतो. शक्यता कोणत्या: उथळ धक्का, खाणीतला सुरुंग, ध्वनीपेक्षा वेगवान विमान. यांतली कोणती तपासली, कोणती राहिली. पुढची माहिती किती वाजता देणार. घराच्या भिंतीत काय पाहायचे आणि कुणाला कळवायचे. हे सगळे एका पानावर बसते. ‘घाबरू नये’ हे वाक्य मात्र गाळावे, कारण ते वाचेपर्यंत निम्मे लोक घाबरलेले नसतात.