बोके

"आजी, मागचे बोके बघ! कसले बोके आलेत!" निन्याने कॅमेरा आईपुढे धरला. आईने पदराने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मला तर एकही दिसत नाही. पण आले असतील तर आधी दूध झाका."

निन्या माझा भाचा. नोकरी हिंजवडीला, आजोळ वाईला आणि कॅमेरा हप्त्यांवर. पार्श्वभूमी धूसर करून दिव्यांचे गोल गोल ठिपके पाडतात, त्याला ही मंडळी 'बोके' म्हणतात. शब्द जपानी आहे. पण आमच्या वाड्यात त्याचा एकच अर्थ होतो आणि तो ओट्यावरची साय खातो.

पूर्वी प्रत्येक घरात एक पेटी वाजवणारा असायचा. पाहुणे आले की त्याला ऐकून घ्यावं लागे. हल्ली त्या जागी निन्या असतो. फरक इतकाच, की पेटीवाल्यासमोर नुसतं बसून भागायचं. निन्यासमोर 'कॅन्डिड' बसावं लागतं. "माझ्याकडे बघू नका. सहज बसा. मामा, अजून सहज! मामी, तुम्ही लांब कुठेतरी बघा." त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्या फोटोंत सगळी माणसं महाबळेश्वरची एसटी चुकल्यासारखी लांब बघतायत. भाऊजींना त्याने गालाला हात लावायला सांगितला, तो फोटो पाहून दोघांनी दाढेची चौकशी केली. मला भिंतीला टेकून उभं केलं, तर मी ती पडू नये म्हणून धरल्यासारखा दिसतो. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, त्या काळच्या स्टुडिओंत मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी चिमटा लावत. तो बरा. निदान 'सहज' राहा म्हणून ओरडत नसे.

फोटो झाले की निन्या ते घरच्या ग्रुपवर टाकतो आणि खाली लिहितो, "फीडबॅक द्या. अगदी कठोर द्या." हे वाक्य कोणी खरं मानू नये. मुंज झालेल्या मुलाने मागितलेल्या भिक्षेसारखं ते आहे. त्यात लाडूच घालायचा असतो. मी एकदा चुकून खरं बोललो. म्हटलं, "यात माझं नाक आधी पोचलंय आणि मी मागाहून येतोय." त्याने अठरा एमएमची लेन्स माझ्या तोंडाशी आणून धरली होती. निन्या शांतपणे म्हणाला, "मामा, ते मुद्दाम आहे."

हा त्याचा आवडता शब्द. भाऊजींचे दोन्ही हात मनगटाशी कापले गेले, मुद्दाम. पन्नास एमएमच्या लेन्सने, एक पॉइंट आठवर, अगदी जवळून आईचा फोटो काढला. मोतीबिंदूचं ऑपरेशन न झालेला डोळा लख्ख आणि झालेला धुरकट, तेही मुद्दाम. आई म्हणाली, "मग डॉक्टरांचे पैसे कशाला घालवले?"

खरं महाभारत झालं ते रंगांवरून. निन्याने कुठूनसा 'मूडी' नावाचा प्रीसेट उतरवून घेतला होता. एक बटण दाबलं की हिरवं आणि पिवळं मान टाकतं, कातडी जिलबीसारखी होते आणि कृष्णेचं पाणी मोरचुदासारखं. तो त्याने धाकट्या बहिणीच्या हळदीच्या फोटोंना लावला. हळदीच्या फोटोंतून पिवळा रंगच काढून टाकणारा माणूस मी तरी पहिल्यांदा पाहिला. व्याह्यांचा फोन आला, "आमच्याकडे हळद लावतात. तुमच्याकडे शेण का?"

पण निन्याचा खरा निकाल मामीने लावला. "माझी राणी कलरची पैठणी तू चिंतामणी कशी केलीस?" निन्या सांगायला लागला, "मामी, मांडवातल्या बल्बचा प्रकाश 3200 आणि बाहेरचा 5500..." तो केल्विनमध्ये बोलत होता, मामी रुपयांत ऐकत होती. "3200 ला पैठणी? कुठल्या दुकानात?" जिने आयुष्यभर आमसुली आणि डाळिंबी यांतला फरक दुकानाबाहेर उन्हात साडी नेऊन तपासला, तिच्यापुढे निन्याच्या भारी मॉनिटरने शरणागती पत्करली.

शेवटी मी त्याला पेठेतल्या अण्णांकडे नेलं. अण्णांचा स्टुडिओ आता पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स यांवर चालतो. पण तरुणपणी त्यांनी पेन्सिलने निगेटिव्ह रिटच केल्यात, कृष्णधवल फोटोंवर हाताने रंग भरलेत. त्यांनी सगळे फोटो पाहिले. निन्या प्रत्येकाला "मुद्दाम" म्हणत होता. अण्णा म्हणाले, "छान. मुद्दाम केलंयस ना? मग आत्ता पुन्हा करून दाखव."

निन्याला ते जमेना. तासभर खटपट केली, पण तो डोळा पुन्हा तसा धुरकट होईना. तेव्हापासून 'मुद्दाम' हा शब्द त्याच्या तोंडून गेला.

मग दर शनिवारी अण्णांची शिकवणी. "आंब्याखाली बसवू नकोस, पानांचा हिरवा तोंडावर उतरतो. माणूस आजारी दिसतो." "ट्यूब आणि खिडकी, दोन्ही एकदम नको. एक मालवता येते, ती मालव." "हनुवटी वर नाही, जरा पुढे काढून मग किंचित खाली." भाऊजींवर हा प्रयोग झाला आणि त्यांच्या दोन हनुवट्यांची एक झाली. कासव पाण्याबाहेर डोकावल्यासारखं वाटतं, पण फोटोत भाऊजी दहा वर्षांनी तरुण. रंग जुळवायला निन्या राखी कार्ड विकत घेणार होता. अण्णांनी माझी टोपी उचलली. "फोटोत ही पांढरी दिसली की तोंड आपोआप तोंडाच्या रंगाचं होतं." फक्त आदल्या दिवशी बायकोने तिला सढळ हाताने नीळ दिली होती, त्यामुळे पहिल्या खेपेला सगळं घर काविळीने पिवळं झालं.

सगळ्यात मोठा धडा हातांचा. "हाताचं काय करू, असं माणूस विचारतो, कारण तू त्याला काम दिलेलं नाहीस," अण्णा म्हणाले. "काम दे आणि गप्पा मार. काय करू नका, ते सांगत बसू नकोस."

गेल्या रविवारी आई ओसरीवर दाराकडे तोंड करून वाती वळत होती. निन्या जमिनीवर मांडी घालून बसला आणि तिच्या माहेरच्या म्हशीबद्दल विचारत राहिला. आईचा त्या म्हशीवर अजून राग आहे. मधूनच दोनतीनदा कॅमेरा वाजला. फोटो संगणकावर घेतल्यावर निन्याने फक्त रंग सारखा केला. प्रीसेटकडे बघितलंसुद्धा नाही. सुरकुत्या होत्या तिथेच राहिल्या.

अण्णांनी फोटो पाहून "हं" म्हटलं. हे त्यांचं सुवर्णपदक.

आईने मात्र फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला. "चांगला आलाय. नीट ठेवून द्या, पुढे कामाला येईल." ते काम कोणतं, हे कळून सगळे गप्प झाले. निन्या तेवढा फोटोकडे बघत होता. "नाही आजी, चालणार नाही. डोक्यावर जागा कमी सोडलीय. हार घातला तर थेट कपाळावर येईल. पुन्हा काढावा लागेल."

"काढ की," आई म्हणाली. "मला कुठे घाई आहे!" मग तिने कोपऱ्यावर बोट ठेवलं. मागे, सगळं धूसर झालेल्या अंगणात, तुळशीपाशी एक करडा गोळा पसरला होता. शेजारचा बोका.

"हा मात्र राहू दे. इतके दिवस म्हणत होतास, आज कुठे दिसला."