वीज जपून, जीव नंतर

स्कॉट कॉथनच्या ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ (२०१४) या गेममध्ये आपण पिझ्झाच्या हॉटेलातले रखवालदार. रात्रपाळी बारा ते सहा. दिवसा पोरांना रमवणारी यांत्रिक जनावरं रात्री आपल्या जिवावर उठतात. आपल्या हाती काठी नाही, शिट्टी नाही. सीसीटीव्ही आहे, आणि लावायला दारं. खुर्चीतून उठायचीही सोय नाही!

मालकाची काटकसर मात्र बघण्यासारखी. रात्रभराची वीज मोजून दिलेली. कॅमेरा पाहिला की ती भराभर जळते, दार लावलं की आणखी. आणि संपली की दारं आपोआप उघडतात. (या दारांचं कंत्राट कुणाच्या मेहुण्याला मिळालं असेल, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.) स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्यात चित्रच नाही, नुसती भांड्यांची आदळआपट ऐकायची. उलट फॉक्सी नावाच्या कोल्ह्यावर अधूनमधून नजर टाकली नाही, तर तो थेट आपल्या ऑफिसकडे धावत सुटतो. बघावं तर वीज जाते, न बघावं तर जीव.

पाच रात्री जगलात, तर १२० डॉलरचा चेक. सहाव्या रात्रीही टिकलात, तर ओव्हरटाइम धरून १२० डॉलर ५० सेंट.